जाड्या आणि रड्या

भिवंडीस प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास आमच्या गांवची ओळख डोळ्यांआधीं कानांनीं होते. सकाळपासून यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो व तो रात्रीं उशिरांपर्यंत चालू राहतो. मागाच्या कारखान्यांत शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचें बोलणेंही धड ऐकूं येत नाहीं. म्हणून तेथील कामगारांनीं आपली एक निराळीच भाषा बनविली आहे. भुवई उंचावली कीं प्रश्न, हात हलविला कीं उत्तर, आणि उरलेलें सारें ओठांच्या हालचालींवरून ओळखावयाचें. कोणी तेलंगणांतून आलेला, कोणी उत्तर प्रदेशांतून, कोणी येथलाच कोंकणी मुसलमान, तर कोणी जवळच्या खेड्यांतला आगरी. परंतु त्या खडखडाटांत सर्वांची भाषा एकच, ती हातवाऱ्यांची.

ह्या गोष्टीचा चित्रपटांशीं कांहीं संबंध असेल असें मला कधीं वाटलें नव्हतें. तो गेल्या गणेशोत्सवांत एका संध्याकाळीं अकस्मात् ध्यानांत आला. आरती झाल्यावर आमच्या आळींतील मुलांनीं भिंतीवर पांढरी चादर ताणून एक जुना विनोदी मूकपट दाखविला. चित्रपट लॉरेल आणि हार्डी ह्या जोडीचा, १९२९ सालचा ‘बिग बिझिनेस’. मुलें हंसूं लागलीं. तेवढ्यांत पाळी संपवून घरीं निघालेले पांच-सहा माग-कामगार रस्त्याच्या कडेस थबकले. प्रथम ते संकोचानें दूर उभे होते. मग एक पाऊल पुढें आले. आणि थोड्याच वेळांत आळींतील आजीबाई, शाळकरी मुलें व ते कामगार एकाच क्षणीं, एकाच गोष्टीला खदखदून हंसूं लागले. कोणी कोणास अर्थ विचारला नाहीं. अर्थ विचारण्यासारखें तेथें कांहीं नव्हतेंच.

त्या चित्रपटाची गोष्ट चार ओळींत संपते. नाताळासाठीं लागणारीं झाडें दारोदार विकीत फिरणारे दोन इसम एका घरीं येतात. घरमालकास झाड नको असतें. दार लावतांना झाडाची फांदी फटींत अडकते. पुन्हां घंटा, पुन्हां दार, पुन्हां फांदी. आणि अखेर वैतागलेला मालक कातर आणून झाडच कापून टाकतो. मग हे त्याच्या घराची मोडतोड करूं लागतात आणि तो ह्यांच्या मोटारीची. मौज अशी कीं, एक पक्ष मोडीत असतां दुसरा त्याला अडवीत नाहीं. तो शांतपणें उभा राहून पाहतो, आपली पाळी येण्याची वाट पाहतो, आणि पाळी येतांच तितक्याच काळजीपूर्वक समोरच्याची एक वस्तु मोडतो. शेवटीं घर घराच्या रूपांत उरत नाहीं व मोटार मोटारीच्या रूपांत उरत नाहीं. शेजारच्या भांडणांत आपण सर्वांनीं हें केव्हां ना केव्हां पाहिलेलें असतें. फक्त तें इतक्या शिस्तीनें चाललेलें पाहिलेलें नसतें.

मराठी माणसानें ह्या जोडीचें बारसें फार पूर्वींच करून टाकलें आहे. एक जाड्या व दुसरा रड्या. दुसऱ्यास नुसतें ‘रोडक्या’ म्हटलें नाहीं, ह्यांत आपल्या लोकांची मार्मिकता दिसते. कारण स्टॅन लॉरेल ह्याची खरी खूण त्याची कृश देहयष्टि नसून त्याचें रडणें ही होय. संकट आलें म्हणजे तो डोक्यावरचे केस खाजवितो, त्याचा चेहरा हळूहळू आक्रसतो, आणि शाळेंत पाटी हरवलेल्या पोराप्रमाणें तो मुसमुसूं लागतो. त्याच्या शेजारीं उभा असलेला ऑलिव्हर हार्डी मात्र रडत नाहीं. तो आपला गळपट्टा बोटांनीं चाळवितो आणि सरळ आपणां प्रेक्षकांकडे वळून पाहतो. ‘पाहिलेंत ना, मला कसल्या माणसाबरोबर दिवस काढावे लागतात तें!’ असें तें पाहणें असतें. ज्या घरांत दोन भाऊ एकत्र नांदतात, त्या घरांत ही नजर निराळी समजावून सांगावी लागत नाहीं.

लॉरेलचा जन्म १६ जून १८९० रोजीं इंग्लंडांतील अल्व्हरस्टन गांवीं झाला. त्याचें मूळचें नांव आर्थर स्टॅन्ली जेफर्सन. वडील नाटकगृहांचे व्यवस्थापक. १९१० सालीं फ्रेड कार्नो ह्यांच्या मंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला, तेव्हां त्याच मंडळींत चार्ली चॅप्लिन हा प्रमुख विनोदी नट होता. आणि चॅप्लिन रंगभूमीवर येऊं न शकल्यास त्याची भूमिका उभी करण्यासाठीं लॉरेल तयार असे. हार्डी हा १८ जानेवारी १८९२ रोजीं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांत जन्मला. त्याच्या वयाचें पहिलें वर्ष पुरें होण्याआधींच वडील वारले. आईनें उतारूंसाठीं हॉटेल चालवून मुलांना वाढविलें. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे आणि लकबी न्याहाळीत बसण्याची संवय त्या मुलास तेथेंच जडली. पुढें तो एका चित्रगृहांत चित्रें दाखविण्याचें यंत्र चालवूं लागला, आणि पडद्यावरचे नट पाहून ‘हें मलाही साधेल’ अशी उमेद धरून चित्रपटांच्या धंद्यांत शिरला.

हॅल रोच ह्यांच्या कंपनींत हे दोघेही वेगवेगळे नोकरीस होते. १९२७ च्या सुमारास तेथील मंडळींच्या, विशेषतः लिओ मॅकॅरी ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, ह्यांना एकत्र उभें केलें तर दोघांचेंही काम दुप्पट नव्हे, दसपट खुलतें. तेव्हांपासून पुढें दोघांनीं मिळून शंभराहून अधिक चित्रपटांत कामें केलीं. त्यांतील बहुतेक उत्तम चित्रपट दोन रिळांचे, म्हणजे सुमारें वीस मिनिटांचे आहेत. मुख्य मोठ्या चित्रपटापूर्वीं प्रेक्षकांस प्रसन्न करण्यासाठीं असे आखूड विनोदपट त्या काळीं दाखवीत असत. जेवणाच्या पानांत चटणीला जें स्थान, तेंच कार्यक्रमांत त्यांना होतें. पण कित्येकदां पान विसरतें आणि चटणी लक्षांत राहते, तसें येथें झालें.

त्या वेळचे इतर विनोदपट धांवपळीचे असत. कोणी पळतो, दहा जण पाठलाग करतात, मोटारी एकमेकींवर आदळतात. ह्या दोघांनीं वेग कमी केला, आणि त्यांतच त्यांची सारी किमया आहे. वाटेंत केळ्याची साल पडली आहे हें प्रेक्षकांस आधीं दिसतें. जाड्या डौलानें येत आहे हेंही दिसतें. आतां काय होणार हें तीन वर्षांच्या मुलासही कळतें. विनोद पडण्यांत नाहीं, तो पडण्याची वाट पाहण्यांत आहे. आणि पडल्यानंतर उठण्याची घाई नाहीं. जमिनीवर बसल्या बसल्या जाड्या आपल्याकडे एकदां पाहून घेतो, आणि मग दुसरें हसूं येतें.

१९३२ सालच्या ‘म्यूझिक बॉक्स’मध्यें ही कला पूर्णत्वास पोंचली. खोक्यांत बंद असलेला एक भला मोठा पियानो उंच टेकडीवरच्या घरीं पोंचवावयाचा आहे. वर जाण्यास सव्वाशेहून अधिक पायऱ्या आहेत. दोघे खोकें चढवितात, तें घसरून खालीं येतें, पुन्हां चढवितात, पुन्हां खालीं. महत्प्रयासानें ते माथ्यावर पोंचतात, तेव्हां टपालवाला त्यांना सांगतो कीं, अहो, मागच्या बाजूनें गाडीचा रस्ता होता! हें ऐकून शहाणा मनुष्य कपाळावर हात मारील आणि पुढें जाईल. हे दोघे काय करतात? ते पियानो सर्व पायऱ्या उतरून परत खालीं आणतात आणि मग गाडींत घालून रस्त्यानें वर नेतात. आपल्या कचेऱ्यांत एकदां चुकलेला अर्ज ज्यांनीं पहिल्यापासून फिरविला आहे, त्यांना ह्या प्रसंगांत परकें असें कांहीं वाटणार नाहीं. आखूड विनोदपटांसाठीं अमेरिकेंतील अकादमीनें त्या वर्षीं प्रथमच पारितोषिक ठेवलें आणि तें ह्या चित्रपटास मिळालें. लॉस एंजेलिस शहरांत त्या पायऱ्या आजही आहेत, आणि त्या चढून जाण्यासाठीं लोक दूरदूरहून येतात.

बोलपट आल्यावर अनेक मूक नटांचें नशीब फिरलें. ह्यांचें फिरलें नाहीं. परदेशांतील प्रेक्षकांसाठीं कांहीं चित्रपट दोघांनीं स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांत पुन्हां केले. ह्यांतील एकही भाषा त्यांस येत नव्हती. उच्चार फळ्यावर लिहून समोर धरीत आणि हे तसेच म्हणत. भाषेपलीकडचा विनोद भाषेंत बसविण्याचा हा खटाटोपही त्यांच्या चित्रपटांतल्यासारखाच वाटतो.

आपल्याकडे ह्या प्रकारच्या विनोदास सुरुवात त्याहूनही आधीं झाली होती. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यामागून ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या पौराणिक चित्रपटाच्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ नांवाचा एक छोटा विनोदी चित्रपट त्यांनीं दाखविला. म्हणजे लॉरेल-हार्डींची जोडी जमण्यापूर्वीं तेरा-चौदा वर्षें नाशिकच्या ह्या कलावंतानें हें ओळखलें होतें कीं, देवादिकांचें दर्शन घेण्यास आलेल्या प्रेक्षकास थोडें हंसावयासही हवें असतें.

फाळक्यांच्याच नाशिक जिल्ह्यांत सिन्नर हें गांव आहे. तेथें जन्मलेले मनोहर जनार्दन दीक्षित हे गृहस्थ पुढें हिंदुस्थानचे ‘हार्डी’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांचे ‘लॉरेल’ होते नझीर महंमद घोरी. चंदुलाल शहा आणि गोहर ह्यांनीं १९२९ त मुंबईस स्थापन केलेल्या रणजित कंपनीच्या चित्रपटांतून हे दोघे चमकले. १९३२ च्या ‘चार चक्रम’मध्यें जोडी जमली, आणि पुढें जयंत देसाई ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘भूल भुलैयां’ (१९३३), ‘तूफान मेल’ (१९३४), ‘तूफानी टोळी’ (१९३७) इत्यादि चित्रपटांतून ती लोकांच्या परिचयाची झाली. चित्रपटांत मुख्य नायक-नायिका दुसरींच असत. पण जाहिरातींत दीक्षित-घोरी हीं नांवें एका दमांत उच्चारलीं जात.

ज्या आडनांवामागें यज्ञदीक्षेची परंपरा, त्या आडनांवाचा एक धष्टपुष्ट गृहस्थ पडद्यावर धडपडतो आणि चार आण्यांच्या तिकिटावरचे लोक त्याला पाहून टाळ्या पिटतात, ह्याचें त्या काळच्या सोवळ्या घरांत काय झालें असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. विदेशी जोडीची ही नक्कल आहे असें म्हणून नाक मुरडणेंही सोपें होतें. परंतु नक्कल पोषाखाची करतां येते, अंगलटीची करतां येते. दोन माणसांमधील तालाची नक्कल करतां येत नाहीं. एकानें नेमक्या क्षणीं थांबावें व दुसऱ्यानें नेमक्या क्षणीं पडावें, हा मेळ ज्याचा त्यालाच जमवावा लागतो. तो दीक्षित आणि घोरी ह्यांनीं पंधरा वर्षें टिकविला.

मग १९४७ साल आलें. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानांत गेले. दीक्षित येथेंच राहिले, आणि त्यानंतर दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत, जून १९४९ मध्यें, वारले. घोरी पुढें दीर्घकाळ जगले व १९७७ त निवर्तले. दोघांनीं मिळून केलेल्या चित्रपटांपैकीं आज फारच थोडे पाहावयास मिळतात, कारण त्या काळची फीत ज्वालाग्राही असे, ती जपून ठेवण्याची दृष्टि नव्हती, आणि तिच्यांतील रुप्यासाठीं कित्येक प्रती वितळविल्या गेल्या. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं. तोंवर पुष्कळ कांहीं नाहींसें झालेलें होतें. अमेरिकेच्या जोडीचेंही कांहीं हरवलें होतें, पण तेथें शोधणारे होते. असंख्य पक्वान्नें एकमेकांच्या तोंडांवर फेंकण्याचा प्रसंग असलेला त्यांचा १९२७ सालचा एक चित्रपट कित्येक वर्षें तुकड्यांतच उपलब्ध होता; त्याचें दुसरें रीळ २०१५ मध्यें एका संग्राहकाजवळ सांपडलें. आपल्या जोडीचें रीळ कोणाच्या माळ्यावर पडलें असेल, तर तें सांपडण्याइतका शोध आपण अजून घेतलेला नाहीं.

मराठी घरांत मात्र एका दुसऱ्या जोडीनें ही जागा सांभाळली. चिंतामण विनायक जोशी ह्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे कृश व धिप्पाड चुलतभाऊ कोणास ठाऊक नाहींत! मास्टर विनायक ह्यांच्या ‘लग्न पहावें करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) ह्या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढें दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांनीं त्यांना पुन्हां घरोघर आणलें. येथें धोतर आहे, पंगत आहे, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आहे. पण मूळ सूत्र तेंच. एकाच्या भित्रेपणानें आणि दुसऱ्याच्या आवेशानें काम बिघडतें, आणि बिघडलेलें काम मागें टाकून दोघे एकत्रच घरीं परततात.

मला वाटतें, ह्या सर्व जोड्यांचें रहस्य ह्या एकत्र परतण्यांत आहे. लॉरेल आणि हार्डी प्रत्येक चित्रपटांत एकमेकांस बुडवितात. एकाच्या वेंधळेपणानें दुसऱ्याची नोकरी जाते, विजार फाटते, डोक्यावर कौलें कोसळतात. ‘आजपासून तुझा माझा संबंध संपला’ असें म्हणण्यास त्यांच्याजवळ कारणें कमी नसतात. परंतु शेवटच्या चित्रांत दोघे पुन्हां शेजारीं शेजारींच दिसतात. एकमेकांच्या टोप्या चुकून घालतात, लहान डोक्यावर मोठी आणि मोठ्या डोक्यावर लहान; त्या बदलूं जातात तों पुन्हां चूक. टोप्यांची अदलाबदल संपत नाहीं आणि सोबतही सुटत नाहीं.

प्रत्यक्ष आयुष्यांतही तसेंच झालें. १९५३ सालीं, उतारवयांत, दोघे आगबोटीनें आयर्लंडच्या कोव्ह बंदरांत उतरले. आतां आपली आठवण कोणास असणार, अशा समजुतींत ते होते. धक्क्यावर माणसांची दाटी झाली होती, आणि गांवच्या मोठ्या चर्चच्या घंटा त्यांच्याच चित्रपटांतील परिचित धून वाजवूं लागल्या. दोघांच्याही डोळ्यांस पाणी आलें. त्या दिवशीं जाड्यादेखील रडला. ७ ऑगस्ट १९५७ रोजीं हार्डी वारला. लॉरेल त्यानंतर साडेसात वर्षें जगला, पण त्यानें पुन्हां तोंडाला रंग लावला नाहीं. पूर्वींपासून विनोदी प्रसंग रचण्याचें काम मुख्यतः त्याचेंच असे, आणि तें त्यानें थांबविलें नाहीं. जोडीदार ह्या जगांत नसतांही तो दोघांसाठीं प्रसंग लिहीत राहिला. २३ फेब्रुवारी १९६५ रोजीं त्याचा अंत झाला.

हें वाचतांना मला नेहमीं माझे वडील आठवतात. ते भिवंडींत शाळामास्तर होते, अंगानें काटकुळे. त्यांचे एक स्नेही सुताचे व्यापारी, कोंकणी मुसलमान, देहानें भरभक्कम. दर संध्याकाळीं शेट आमच्या ओटीवर येत आणि दोघांच्या गप्पा चालत. आळींतील पोरें त्यांना पाठीमागें जाड्या-रड्या म्हणत, आणि हें दोघांनाही ठाऊक होतें. आमच्या गांवानें १९७० च्या मे महिन्यांत दंगल पाहिली होती. १९८४ च्या मे महिन्यांत ती पुन्हां पाहावी लागली. त्या संध्याकाळीं बातमी आली तेव्हां शेट ओटीवरच होते. ते घाईघाईनें उठले, वहाणा पायांत सरकविल्या आणि निघून गेले. थोड्या वेळानें पाहतों तों दारांत त्यांच्या मोठ्या वहाणा तशाच. ते वडिलांच्या घालून गेले होते.

पुढें संचारबंदी लागली. कित्येक दिवस घराबाहेर पडणें नव्हतें, निरोप नव्हता. त्या मोठ्या वहाणा आमच्या दारांत होत्या. एका शेजाऱ्यानें त्या आंत ठेवा म्हणून सुचविलें. आईनें मान हलविली. “ज्यांच्या आहेत ते येऊन घेतील,” एवढेंच ती म्हणाली. पण रोज सकाळीं ती त्यांवरची धूळ झटकीत असे.

पुष्कळ दिवसांनीं, दुपारच्या उन्हांत, शेट आले. पायांत दुसऱ्या वहाणा, आणि हातांत वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें एक पुडकें. ओटीच्या पायरीशीं ते उभे राहिले. वर येण्याचें धैर्य होईना. वडीलही उंबऱ्यांत तसेच उभे. काय बोलावें हें कोणासच सुचेना. शेवटीं शेटनीं पुडकें पुढें केलें आणि म्हटलें, “मास्तर, तुमच्या वहाणांत माझे पाय मावत नाहींत. पळतांना तें कळलें नाहीं.”

वडील हंसले. मग शेट हंसले. आणि हंसतां हंसतां दोघांनीं डोळे पुसले. आईनें आंतून चहा पाठविला. त्या दिवसापासून ओटीवरची बैठक पुन्हां सुरू झाली आणि ती शेटच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालली.

विनोदानें दंगली थांबतात असें मी म्हणणार नाहीं. दीक्षित आणि घोरी ह्यांना पाहून जे प्रेक्षक एका चित्रगृहांत हंसले, त्यांच्यांतीलच कांहीं जण १९४७ त एकमेकांचे वैरी झाले असतील. परंतु भांडण संपल्यावर परत येण्यासाठीं जो एक पूल लागतो, तो पुष्कळदां अशाच एखाद्या वेड्यावांकड्या चुकीचा असतो, आणि ती चूक ओळखून प्रथम हंसण्यास दोन माणसें लागतात. एकट्यानें पडण्यास दुःख म्हणतात. त्याच पडण्याकडे शेजारीं उभा राहून पाहणारा आपला मनुष्य असला, म्हणजे त्याचा विनोद होतो.

गणेशोत्सवांतील त्या संध्याकाळीं चित्रपट संपला, मुलांनीं चादर उतरविली. रस्त्याच्या कडेचे कामगार जावयास निघाले. त्यांतील एकानें जातां जातां आमच्या नातवाकडे पाहून भुवई उंचावली आणि हात गोल फिरविला. मागाच्या खडखडाटांत वापरतात तीच भाषा. नातवास ती ठाऊक नव्हती, तरी त्याला कळलें. त्यानें मान डोलावून उत्तर दिलें: हो, उद्यांही आहे.